रोमानियाहून आलेला भेदरलेला कुत्रा: क्रेट की गेट लावलेली खोली?

रोमानियातल्या शेल्टरमधून ब्रिटनला येणारे बरेच कुत्रे व्हॅनच्या पिंजऱ्यात दोन-तीन दिवस काढून पोचतात. त्यातले अनेक रस्त्यावर वाढलेले. वॉशिंग मशीन, जिना, टीव्ही, सगळंच नवं.

असा कुत्रा घरी आला की ठेवायचा कुठे? क्रेट (दार असलेला कुत्र्याचा पिंजरा) घ्यायचा तर त्यात कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढा. तीन बाजूंनी चादर टाका, दार उघडंच बांधून ठेवा. गुहा म्हणून तो छान. कडी लावली की गडबड होते: कोंडल्याची भीती असलेला कुत्रा गज चावतो, दात मोडतो, नखं सोलवटतो. आणि आत बसलेल्याला हात घालून ओढू नका. पळायला जागा नसलेला कुत्रा चावतो.

गेट लावलेल्या खोलीत ही अडचण कमी. खोली मागच्या बाजूची, मुख्य दारापासून लांब हवी. साधारण ७५ सेंमीचं बाळांचं गेट मात्र पुष्कळ कुत्रे सहज ओलांडतात. मांजर-कुत्र्यांसाठीचं एक मीटरहून उंच गेट घ्या. बिछाना एका कोपऱ्यात, पाणी जवळ, शू-पॅड समोरच्या टोकाला. पहिल्या दिवशी शी-शू अडवून धरणं नेहमीचंच. वाडगा ठेवा आणि निघून जा, टक लावून बघत बसू नका.

आमचा कौल खोलीला, आत उघड्या दाराचा क्रेट ठेवून. जागाच नसेल तर खोलीत उभं करायचं, एकमेकांना जोडलेल्या पट्ट्यांचं कुंपण चालतं, पण भिंतीला अडकवलेलं. नाहीतर घाबरलेला कुत्रा तेच ढकलत नेतो.

बागेत न्यायचं झालं तर कुंपण असलं तरी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि स्लिप लीड (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी दोरी), दोन्ही.