आठवड्याला २ भेटी आणि आजीचे ४८ तास

माझी लेक साडेचार वर्षांची आहे. ७ महिन्यांची असताना खुळखुळा डाव्याच हातात घ्यायची, उजवी मूठ कायम मिटलेली. घरात सगळे म्हणायचे, डावखुरी होणार. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जन्माच्या आसपास मेंदूचा रक्तपुरवठा थांबून उजव्या बाजूला हेमिप्लेजिया, म्हणजे शरीराच्या एका बाजूची कमजोरी, झाला होता.

यंदा साताऱ्यात घरी येऊन ऑक्युपेशनल थेरपी (हातांनी रोजची कामं करायला शिकवणारा उपचार) देणारी सेवा घेतली. ६ आठवडे, आठवड्याला २ भेटी, भेटीचे ७०० रुपये. पक्की पावती देतात. निरामय आरोग्य विम्यात (काही अपंगत्वांसाठीची सरकारी योजना) मुलाचं नाव असेल तर खर्च मागायला ती जपून ठेवा.

येणाऱ्या ताईंनी पहिल्या दिवशी पिशवीतून काहीच काढलं नाही. आमचं स्वयंपाकघर पाहिलं. डाव्या हाताला मऊ हातमोजा घालून रोज २ तास उजव्या हाताने खेळायचं, आठवड्यातून ५ दिवस. न वापरलेला हात मूल विसरत जातं, म्हणून चांगल्या हाताला थोडा वेळ थांबवायचं, असं त्यांनी सासूबाईंना समजावलं. हातमोजा मी जुन्या दुलईच्या कापडाचा शिवला. कणकेचे गोळे, कपड्यांचे चिमटे, भातुकली, एवढ्यावर चाललं. उजव्या हाताचं नाव ठेवलं ‘मदतनीस’. तिसऱ्या आठवड्यानंतर हातमोजा कमी करून दोन्ही हातांची कामं आली: मटार सोलणं, डब्याचं झाकण काढणं, परकराची नाडी ओढणं.

पहिला आठवडा वाईट गेला. जेवताना हातमोजा घातला, तर तिने ताट ढकललं आणि रडून झोपली. ताई म्हणाल्या, जेवण आणि थेरपी एकत्र करायची नाही, भुकेल्या पोराची परीक्षा घेऊ नका. हे आधीच सांगायला हवं होतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ६० तासांपैकी ताईंच्या वाट्याला १२ आले, बाकीचे सासूबाईंनी केले, कारण मी नोकरीला जाते. आणि रोजचा तक्ता आला इंग्रजीत! सासूबाई रोज संध्याकाळी मला फोन करून विचारायच्या, ‘आज काय करायचं गं?’ शेवटी मी मराठीत लिहून फ्रिजवर लावला. सेवेला हे कळवल्यावर त्यांनी पुढच्या कुटुंबांसाठी तो मागून घेतला, हे चांगलं केलं.

फरक? बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत. पण लिमलेटच्या गोळीचा कागद ती आता ‘मदतनीस’ने धरते आणि डाव्याने सोडते. पूर्वी दातांनी फाडायची.

घरात रोज २ तास देणारं माणूस असेल तरच ही सेवा घ्या, आणि पहिल्या भेटीला ते माणूस समोर बसवा. आम्ही दिवाळीनंतर दुसरी फेरी घेतोय. या वेळी सकाळची वेळ मागितली आहे, कारण संध्याकाळी खाली मुलं खेळायला जमतात आणि तिला हातमोजा घालून खाली जायचं नसतं.