पेटी नवी, आतलं विमान जुनं

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन फायटर विमानांची प्लॅस्टिकची छोटी मॉडेलं सुट्या भागांच्या किटमधून जोडणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. ‘वडिलांचा किट्सचा संग्रह विकायचा आहे’ असा मेसेज तुम्हाला आला असेल, तर पैसे पाठवण्याआधी वाचा.

मी त्यात फसलोय. असे मेसेज पाठवून फसवणाऱ्यांचं का फावतं ते उघड आहे. २०२० मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ते ७० झालं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा. कस्टम्सच्या लेखी आपलं मेसरश्मिट विमानाचं मॉडेल आणि पोरीची बाहुली एकाच मथळ्याखाली येतात. त्यामुळे दुकानात माल नाही, बाहेरून मागवलं तर पार्सल कधी सुटेल याची खात्री नाही. मग कुणाच्या तरी कपाटात पडून असलेल्या पेट्यांवर सगळ्यांचा डोळा.

मला विकणाऱ्याने दोन वस्तू दाखवल्या होत्या. एक एडुआर्ड कंपनीचं मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६ चं किट, खऱ्याच्या १:४८ मापातलं, जादा भागांची प्रोफीपॅक आवृत्ती, वेष्टनासकट. दुसरं रंगवून पूर्ण केलेलं फॉके-वुल्फ १९० ए-८ या फायटरचं मॉडेल. दोन्ही मिळून साडेनऊ हजार. भाव पडेल नव्हता, आणि तिथेच तो हुशार. अगदी मातीमोल भावात दिलं असतं तर कुणालाही संशय आला असता.

फोनवर माणूस गोड. “दादा, बाबांनी जीव लावून जमवलंय, पोराटोरांच्या हाती द्यायचं नाहीये.” आणि त्याला विषय येत होता. जी-६ च्या नाकावर ते दोन फुगवटे का आले, तर आधीच्या बारीक मशीनगनच्या जागी १३ मिलिमीटरच्या बसवल्या म्हणून, हे त्याने आपणहून सांगितलं. १०९ ला जमिनीवर सांभाळणं वैमानिकांना किती जड जायचं, यावरही बोलला. ऐकून वाटावं, घरातच हा छंद मुरलाय.

पार्सल आलं. पेटी खरी, वेष्टन कडक. (ते वेष्टन कुणीही चढवू शकतो. गिफ्टच्या टोपल्यांना लावतात तसलं प्लॅस्टिक आणि घरातला हेअर ड्रायर, एवढंच लागतं.) आतले स्प्रूही, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीही, एडुआर्डचेच होते. पण पंख हातात घेतल्यावर काहीतरी खटकलं, म्हणून मोजपट्टी लावली. खऱ्या १०९ जी चे पंख टोकापासून टोकापर्यंत ९.९२ मीटर. त्याला ४८ ने भागलं की २०७ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. माझ्या हातातला पंख चारेक मिलिमीटर जास्त भरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एडुआर्डचं पहिलं जी-६ २०१४ साली आलं आणि ते मापाला मोठं निघालं. जगभरच्या हौशी लोकांनी पट्ट्या लावून ते दाखवून दिलं. कंपनीनेही मग गुपचूप न बसता नवे साचे केले आणि २०१६ पासून सुधारलेलं किट बाजारात आणलं. माझी पेटी सुधारलेल्या किटची होती, आत मात्र २०१४ चं प्लॅस्टिक. जुनी किट्स कुणी घेत नाही, ती पडून राहतात. नवं किट स्वतःकडे ठेवायचं, त्याच्या पेटीत जुनं भरायचं आणि नव्याच्या भावात विकायचं. सोबतचा बारीक भागांचा पितळी पत्रा आणि कॅनोपीचे (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाचे) रंगवताना लावायचे मास्कही गायब होते. तेही सुटे विकले जातात, हे आपल्याला सांगायला नको.

खरी कमाल डेकलची, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांची. डेकलचा कागद बहुधा फिकट निळा असतो आणि त्यावर पांढरी शाई उठून दिसते. या शीटवर जर्मन विमानांवरच्या क्रॉसच्या पांढऱ्या कडा कागदाच्याच रंगाच्या होत्या, कारण घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. खात्री करायला एक काळा क्रॉस कापून बशीतल्या पाण्यात सोडला. आधी कडेने जांभळा झाला, मग पाण्यात रेघा सुटल्या आणि बोट लावल्यावर चिखल. वर वॉर्निशचा हातसुद्धा मारला नव्हता हो!

फोन केला. उत्तर तयार: “दादा, जर्मनीच्या कायद्यामुळे डेकल तशी अर्धवटच येतात.” ही बनवाबनवी समजून घेण्यासारखी आहे. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ८६अ मुळे शेपटीवरचं नाझी चिन्ह किट्समध्ये गाळतात किंवा दोन तुकड्यांत छापतात, हे खरंच आहे. पण त्या कायद्याचा पंखावरच्या साध्या क्रॉसशी काडीचा संबंध नाही, आणि शाई पाण्यात विरघळावी असं तर जगातला कुठलाच कायदा म्हणत नाही. याची रीतच अशी: आपल्याला माहीत असलेली एक खरी गोष्ट पुढे करायची आणि तिच्या आडून खोटं सरकवायचं. ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष ‘हो हो, हे मीही वाचलंय’ यातच जातं.

फॉके-वुल्फच्या बाबतीतही तेच. फोटोत एअरब्रशने मारलेले नाजूक ठिपके होते, राखाडीत राखाडी मिसळत गेलेले. हातात आलं ते ब्रशने थापलेलं, बाजूंवर कापसाच्या बोळ्याने उमटवल्यासारखे ठसे, कॅनोपीवर गोंदाचा धुरकटपणा. रंग वरून हिरवट. यावर म्हणाला, “शेवटी शेवटी जर्मनांचे रंग नक्की कसे होते, आजही वाद आहे दादा.” वाद आहेच, पण तो ८१, ८२, ८३ या उशिरा आलेल्या आरएलएम रंगांचा (आरएलएम म्हणजे जर्मन हवाई मंत्रालय, हे त्याचे रंगक्रमांक). फोटोतलं आणि ठरलेलं विमान ७४, ७५, ७६ च्या राखाडी जोडणीतलं होतं.

आणि चाकांचं काय? १०९ चे चाकांचे पाय खाली जाताना बाहेर फाकतात, १९० चे आत येतात. समोरून बघितलं की १९० किंचित ढोपरं जुळवून उभं असल्यासारखं दिसतं. पार्सलमधल्याचे पाय सरळ उभे, काटकोनात. फोटो परदेशातल्या कुणाचा तरी उचललेला होता. गुगलवर टाकला तर मूळ सापडला, नुसता आरशासारखा उलटवलेला.

नंतर फोन लागेना. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही नोंदवली. तिथे एक लक्षात आलं. पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तरच रक्कम रोखली जाण्याची शक्यता. आपल्या प्रकारात पार्सल येईपर्यंतच आठवडा जातो, तोवर खातं रिकामं. शिवाय ‘माल तर मिळाला ना?’ हा प्रश्न प्रत्येक टेबलावर. जुना साचा आणि नवा साचा यातला फरक समजावताना समोरचा माणूस आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, ते सोडाच. पैसे अजून आलेले नाहीत. आता येतील असं वाटतही नाही.

तेव्हा फोटोवर जाऊ नका, व्हिडिओ मागा. तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून पेटी उघडताना, आणि अखंड. खालच्या पंखाला पट्टी लावायला सांगा. डेकलची शीट उजेडात तिरकी धरायला लावा, पांढरं पांढरं दिसतंय का ते बघा. तयार मॉडेल असेल तर पोटाकडून आणि समोरून दाखवायला सांगा, कारण चोरलेल्या फोटोत हे कोन सहसा नसतात. ‘वेष्टन फोडलं तर किंमत जाते’ असं कुणी म्हणालं, की तिथेच थांबा. पार्सल आलं की तुम्हीही उघडताना व्हिडिओ काढा, तक्रार करताना तेवढाच आधार.

गेल्या महिन्यात बंगळुरूच्या एका ओळखीच्याला एमई २६२ या जर्मन जेट फायटरच्या किटचा फोटो आला. विकणाऱ्याचं नाव वेगळं, नंबर वेगळा, या वेळी संग्रह आजोबांचा. पण पेटीखाली मला आलेल्या फोटोतलीच हिरव्या चौकड्यांची मेणकापडाची चादर आणि डाव्या कोपऱ्यात इस्त्रीने जळल्याचा तोच तिकोनी डाग. तो डाग दिसला तर व्यवहार करू नका, आणि स्क्रीनशॉट मला पाठवा. तक्रारीला जोडायचे आहेत.