मिरजेतलं पेटी दुरुस्तीचं दुकान : काम एक नंबर, पण घाई असेल तर जाऊ नका

मिरजेत वाद्य म्हटलं की सगळे सतारमेकर गल्लीकडंच पळतात, तंबोरा-सतारीसाठी ते बरोबरच आहे, पण पेटीचं (हार्मोनियमचं) काम असेल तर मिशन हॉस्पिटलकडच्या बोळातलं हे दुकान बघा. बोर्ड नाही. आत दोन म्हातारे वाद घालताना दिसले की तेच समजायचं. एक काका ख्रिस्ती, वडील मिशन हॉस्पिटलात (वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ ला काढलेलं तेच) वॉर्डबॉय, आजोबा गावकुसाबाहेर राहिलेले. दुसरे बुवा, कीर्तनकार ब्राह्मणाच्या घरातले, बँकेतनं रिटायर. दुरुस्ती काका करतात, वाजवून पास-नापास बुवा करतात.

माझ्या पेटीचा भाता हवा सोडायचा, पावसाळ्यात पट्ट्या अडकायच्या आणि वरचा गंधार पार उतरलेला. दुसरीकडं एकानं सुरांचा (आतल्या पितळी जिभांचा) अख्खा सेट बदला म्हणून सांगितलेलं. काकांनी चामडं बदललं, सूर गुजरातेतल्या पालितानाचे, नावाजलेले आहेत म्हणून एकही टाकला नाही, नुसते घासून मिळवले, टोकाकडं घासलं की सूर चढतो आणि बुडाकडं घासलं की उतरतो हे बसवून दाखवलं. बुवांनी तरी नापास केली, काका गुपचूप परत स्क्रू काढायला बसले. आता पेटी अशी बोलतेय की काय सांगू.

यांची दोस्ती कशी जमली ते विचारलंच मी. काका पूर्वी बुवांच्या घरी पेटी दुरुस्तीला जायचे, बुवांच्या आई ओसरीच्या पुढं येऊ द्यायच्या नाहीत. काका म्हणाले, "येशूनं शोमरोनी बाईकडं पाणी मागितलं, येशू यहुदी, यहुदी आणि शोमरोन्यांचं तर आपसात पाणी पण चालत नव्हतं, मग मी आजींकडं चहा मागितला." मागून मोकळे! आजी गप्प, बुवाच आत जाऊन कप घेऊन आले. मला विचाराल तर मागायला जास्त हिंमत लागली, पण बुवा म्हणतात आईसमोरनं कप आणणं काय सोपं होतं का.

पास करताना बुवा तुकोबाचा अभंग वाजवतात आणि काका त्याच चालीत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं उपासनेतलं भजन म्हणतात, चपखल बसतं. बसणारच, १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेले टिळक स्वतःच म्हणायचे की तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. त्यांनी १९१७ ला साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोघं चालायचे, म्हणून काका बुवांना "दरबारी" म्हणून चिडवतात आणि बुवा त्यांना "पाळकसाहेब" (म्हणजे चर्चचे पाद्री). डबा उघडला की आधी काकांची प्रार्थना, मग बुवांचं वदनी कवळ घेता, तोवर गिऱ्हाईकानं थांबायचं. मी थांबलो, काकांकडची नाताळची करंजी पण मिळाली.

एक स्टार कापलाय तो वेळेसाठी. रविवारी चर्च म्हणून बंद, एकादशीला बुवा विठ्ठल मंदिरात म्हणून पास करायला कोणी नाही, आणि गणपतीच्या तोंडावर तर पेटी टाकूच नका, नवरात्रात मिळंल. फोन उचलत नाहीत. पावती नाही, जीपे बुवांच्या नंबरवर जातं आणि त्यातले काकांचे किती यावरनं तुमच्यासमोरच भांडण चालू होतं, दोघंही दुसऱ्याला जास्त द्यायला बघतात, तुम्ही आपली पेटी उचला आणि निघा.