उद्यमनगरातली सर्वो मोटर दुरुस्ती: काम चोख, मॅग्नेटसाठी थांबावं मात्र लागलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं दोन सीएनसी लेथचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथ मशीनचं, छोटं युनिट आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करतो. जून २०२५ मध्ये एका मशीनची सर्वो मोटर (मशीनची हालचाल नेमक्या मापात करणारी मोटर) घासल्यासारखा आवाज करत बंद पडली. पहिल्यांदा जिथं दाखवली, तिथं तीन दिवसांत नवे मॅग्नेट चिकटवून मिळाले. सकाळी ठीक चालायची, दुपारी तापली की ओव्हरलोडचा अलार्म. आठवड्यागणिक तो अलार्म आणखी लवकर यायला लागला. शेवटी मोटर शिवाजी उद्यमनगरातल्या वायंडिंगवाल्या मामांकडं नेली.

मामांनी ती माझ्यासमोरच उघडली. रोटर, म्हणजे मॅग्नेट बसवलेला आतला फिरणारा भाग, ओढताना स्टेटरला, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाला, चिकटू नये म्हणून मध्ये जाड प्लास्टिक सरकवलं आणि पितळी पट्टीनं एकेक मॅग्नेट सोडवला. एकाचं निकेल कोटिंग फुगलं होतं. नखानं दाबलं तर आतून करडी भुकटी सांडली. शाफ्टचं ऑइल सील गेलेलं, कटिंगवर सोडायचं थंडाव्याचं कूलंट आत उतरत होतं. मूळ दुखणं तिथं होतं, आणि आधीच्या दुकानात ते कुणी बघितलंच नव्हतं. वर मॅग्नेट बसवले तेही साध्या ग्रेडचे, ८० अंशांपर्यंत टिकणारे. माझ्या मोटरला १५० अंशांचे लागतात.

निओडिमियमच्या मॅग्नेटचा जोर उष्णतेत टिकावा म्हणून त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीननं निर्यातीला परवाना सक्तीचा केला, त्या यादीत नेमके हे दोन्ही धातू आणि ते घातलेले मॅग्नेट आले. त्यामुळं साधा माल मिळत होता, हवा तो अडकला होता. मामा म्हणाले, "ताई, साधा आज बसवून देतो, पण महिन्याभरात मोटर परत घेऊन याल." मी थांबले. सहा आठवडे जॉब बाहेरून करून घेतले, त्यात हाती काही उरलं नाही.

माल आल्यावर काम दोन दिवसांत झालं. प्रत्येक तुकड्याचा उत्तर-दक्षिण ध्रुव तपासून इपॉक्सीनं चिकटवला, वरून फायबरची पट्टी गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवला. सील नवं, मोटर किती फिरली ते मोजणारा एन्कोडरही जुळवून दिला. बिल १८,५०० रुपये. तेव्हापासून दुपारच्या पाळीतही अलार्म नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच.

२६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रानं देशात असे मॅग्नेट बनवायला ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. वर्षाला ६,००० टनांची क्षमता उभी करायची आहे. ६,४५० कोटी विक्रीवर प्रोत्साहन म्हणून, ७५० कोटी कारखाना उभारायला. पण लाभ मिळणार पाच कंपन्यांना, आणि टनावारी माल घेणारे गाड्यांचे कारखाने त्यांना आधी दिसणार. मामांना एका वेळी आठ तुकडे हवे असतात. सरकार विक्रीवर पैसे देतंच आहे, तर थोडा माल कापून, कोटिंग करून किरकोळीत विकायची अटही घालावी. कोल्हापुरात त्याला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

मोटर न्यायची असेल तर ड्राइव्हवरचा (मोटर चालवणाऱ्या कंट्रोल युनिटवरचा) अलार्म नंबर लिहून न्या. मामा पहिला तोच विचारतात.