एअरलूम गोड मिरची: दोन सीझननंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात यंदाची पहिली लाल मिरची तोडली, झाडाजवळ उभ्या उभ्याच चावली आणि तोंड पेटलं. वाण जिमी नार्डेलो, म्हणजे गोडच. गेल्या वर्षी याच मिरच्या घरात सगळ्यांनी कच्च्या खाल्ल्या होत्या, म्हणून इतका राग आला की बी जिथून मागवलं त्यांना लगेच मेसेज टाकला, तुमचं बी भेसळीचं आहे. तो मेसेज मी नंतर मागे घेतला, का ते खाली लिहिते.

मी एअरलूमकडे, म्हणजे पिढ्यान्पिढ्या बी धरून टिकवलेल्या जुन्या वाणांकडे, वळले ते एकाच कारणासाठी, एकदा बी घेतलं की दरवर्षी परत विकत घ्यायला नको. हायब्रिडचं बी धरलं तर पुढच्या वेळी काय निघेल भरवसा नाही, एअरलूमसारखं सरळ वाण मात्र आईसारखंच येतं. हे वाण तर १८८७ साली इटलीहून अमेरिकेला गेलेल्या एका कुटुंबानं घरच्या बागेत बी धरून धरून टिकवलं. मग मला का नाही जमणार?

पहिल्या वर्षी उगवणीनेच दमवलं. थंडीत पेरलं, तीन आठवडे ट्रे जसाच्या तसा. मिरचीच्या बियाला २५ ते ३० अंश ऊब लागते, ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवला तेव्हा नवव्या दिवशी कोंब दिसले. मग पाणी जास्त झालं आणि अर्धी रोपं बुडाशी सडून आडवी झाली. आता मी ट्रेला खालूनच पाणी देते.

आणि पाकिटावर छापलेले फळ यायचे दिवस! ते रोप जागेवर लावल्यापासून मोजायचे असतात, बी पेरल्यापासून नाही, त्याच्या आधीचे आठ आठवडे कुणी धरतच नाही. वर हिरवं फळ लाल व्हायला आणखी तीनेक आठवडे. एवढी वाट बघून हिरवी तोडली तर चव बेताचीच, तेव्हा माझं मत झालं होतं की हे सगळं वेळेचं नुकसान आहे. दोन मिरच्या पानाआड राहून गेल्या त्या पूर्ण लाल झाल्यावर खाल्ल्या आणि मत तिथेच बदललं. इतकी गोड मिरची मी आधी खाल्ली नव्हती. सोबत लावलेली कॅलिफोर्निया वंडर ही ढोबळी मिरची त्यापुढे साधीच वाटली, शिवाय पाणी कमीजास्त झालं की तिच्या फळांना बुडाशी काळा डाग पडायचा.

आता तिखटाचं. यंदा पाच रोपं मी धरलेल्या बियांची आणि दोन पाकिटातल्या उरलेल्या बियांची. पाकिटातली दोन्ही गोड. माझ्या पाचातली दोन तिखट. म्हणजे भेसळ माझ्याच बागेत झाली, गेल्या वर्षी चार हातांवर साधी तिखट मिरची होती. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळ धरतं, पण मधमाश्या एकाचे परागकण दुसरीकडे नेतातच, आणि तिखटपणाचं जनुक प्रबळ, एका बाजूने आलं तरी फळ तिखट. सगळ्यात वाईट म्हणजे त्या वर्षी काही कळत नाही, कारण फळ आईचं असतं, ते गोडच लागतं, बदल फक्त आतल्या बियांत झालेला असतो. त्यात जिमी नार्डेलो दिसायलाही लांब बारीक, तिखट मिरचीसारखीच, त्यामुळे बघूनही संशय येत नाही.

बी धरायचं असेल तर कळी उमलायच्या आधीच तिच्यावर जाळीच्या कापडाची पिशवी बांधा, फूल उमललं की फांदी हलकी हलवा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला खुणेचा दोरा बांधून ठेवा. बी पूर्ण लाल फळातूनच काढायचं. एवढं पाकिटावर दोन ओळीत छापलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं, ही माझी खरी तक्रार आहे.

पाकिटातल्या दोन झाडांवर आता सात पिशव्या बांधल्यात. दोन फुलांनी फळ धरलंय.