रंगाखाली झाकलेला हार्नेस बार

रॅलीसाठी घेतलेल्या माझ्या गाडीत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा पोलादी पाइपांचा सांगाडा, आधीपासून होता. सहा पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे माणसाला सीटला बांधून ठेवणारे पट्टे, बसवायचे, तर सीटमागे खांद्याच्या पट्ट्यांसाठी केजमध्येच आडवा बार आणि खाली गाडीच्या तळाला पक्के अँकर, म्हणजे पट्टे अडकवायच्या जागा, लागतात. काम घेणाऱ्या वर्कशॉपने बिलावर लिहून दिलं: ‘कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप, ३८ बाय २.५ मिमी, एफआयएच्या नियमाप्रमाणे.’ (एफआयए म्हणजे मोटर शर्यतींचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना; ३८ हा पाइपचा व्यास, २.५ ही भिंतीची जाडी.) पैसे पूर्ण घेतले आणि गाडी रंगवून दिली. रंग सुरेख होता.

स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीत अधिकाऱ्यांनी खांद्याचा एक बोल्ट काढायला लावला. बारला आरपार भोक पाडून त्यात बोल्ट घातला होता, बस्स. बारला भोक पाडलं, तर त्यात जाड नळी बसवून ती दोन्ही बाजूंनी वेल्ड करावी लागते, नाहीतर धक्क्याला पाइप बोल्टभोवती चेपतो आणि फाटतो. नळी नव्हतीच. बॅटरीच्या उजेडात भोकातून पाहिलं तर आत पाइपच्या लांबीभर जोडाची उंच रेघ! सीमलेस म्हणजे बिनजोड; त्या पाइपला जोड असतोच कसा? भिंतीची जाडी मोजली, तीही कमी भरली. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा नव्हता.

मग तळाकडे गेलो. तिथे प्रत्येक अँकरखाली किमान ३ मिमी जाड आणि ४० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची पोलादी प्लेट हवी. आमच्या गाडीत नुसते वॉशर होते आणि त्यांवर गंज रोखणारा काळा लेप जाड थापला होता. हे चुकून झालेलं नाही. झाकायचं काय, हे त्या माणसाला नीट माहीत होतं.

मला संताप येतो तो इथे. एफआयएचा नियम म्हणतो की खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यांचा प्रत्येक अँकर १४७० डेकान्यूटन, म्हणजे साधारण दीड टन भार पेलणारा हवा. रोजच्या वापरात असा भार कधी येतच नाही. खोटं काम वर्षानुवर्षं मजबूत वाटत राहतं आणि उघडं पडतं ते थेट टक्कर झाल्यावर, आत माणूस बांधलेला असताना.

वर्कशॉपचं आधी उत्तर आलं, ‘सगळे असंच करतात.’ मग पुरवठादाराने चुकीचा माल दिला म्हणाले. लेखी मागितल्यावर फोन उचलणं बंद. दुसऱ्या कारागिराने बार कापून काढला, तेव्हा एका टोकाचं वेल्ड नुसतं वरवर चिकटलेलं निघालं.

तुम्ही हे काम करून घेणार असाल, तर रंग लावण्याआधी गाडी स्वतः पाहा आणि तोवर शेवटचा हप्ता हातात ठेवा. पाइपचा उरलेला तुकडा मागून घ्या: आतली रेघ आणि भिंतीची जाडी तिथेच दिसते. सीटला किंवा सीटच्या आधाराला पट्टे जोडून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, नियमात त्याला सरळ बंदी आहे. खांद्याचे पट्टे सीटमागे खाली किती उतरतात तेही बघा. आडव्या रेषेपासून १० अंशांपर्यंत उत्तम, ४५ च्या पुढे कधीच नाही, कारण टक्कर झाली की तोच ताण मणक्याला खाली दाबतो. हार्नेस त्यांच्याकडूनच घेतलात, तर लेबलावर छापलेलं वैधता संपण्याचं वर्ष वाचा. लेबल खरवडलेलं किंवा वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं दिसलं, तर तो घेऊ नका.