परत मागवलेला कुंदा आणि टिळकवाडीतील एक मिठाई दुकान

दिवाळीच्या तोंडावर बेळगावच्या टिळकवाडीतील एका जुन्या मिठाई दुकानाने अर्ध्या किलोच्या बंद डब्यांतील कुंद्याचा, म्हणजे दूध आणि खवा आटवून केलेल्या मिठाईचा, एक बॅच परत मागवला. दुकानाचे नाव येथे देत नाही. त्यांचा कुंदा रवाळ, खरपूस आणि बेताच्या साखरेचा असतो, त्याच्या चवीविषयी माझी तक्रार नाही. कोणाचा कुंदा सरस यावर बेळगावात हवी तेवढी चर्चा ऐकायला मिळते. सदोष माल दुकानाने कसा परत घेतला, याविषयी मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हे परीक्षण केवळ त्या सेवेचे आहे.

दुकानाच्या दाराशी लावलेली सूचना कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होती आणि तिच्यात बॅच क्रमांक व पॅकिंगची तारीख ठळक अक्षरांत दिली होती. शहापूर-वडगावकडच्या ज्या वयस्कर गिऱ्हाइकांना फक्त मराठी वाचता येते, त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. कारणाच्या जागी मात्र ‘काही तांत्रिक कारणास्तव’ एवढेच लिहिले होते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ याच्या कलम २८ नुसार माल मागे घेताना त्याचे कारण सांगणे आणि संबंधित अधिकाऱ्यांना कळवणे ही व्यावसायिकाची जबाबदारी आहे. गल्ल्यावर विचारल्यावर तपासणीत ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ हा जिवाणू सापडल्याचे कळले आणि लगेच पुढे सल्लाही मिळाला, “काका, घाबरू नका, गरम करून खाल्ला तर काही होत नाही.”

संपूर्ण प्रकरणात सर्वांत धोकादायक काही असेल तर ते हे वाक्य. कुंदा करताना दूध आणि खवा बराच वेळ आटवला व परतला जातो, त्यामुळे दुधातले बहुतेक जिवाणू तेथेच मरतात. अडचण येते ती नंतर, म्हणजे परातीत पसरून निववताना आणि हाताने डबे भरताना. हा जिवाणू धडधाकट माणसाच्या नाकात आणि त्वचेवरही असतो, बोटावरच्या चिघळलेल्या जखमेत तर विशेष. मिठाई उबदार जागी तासन् तास राहिली की तो वाढतो आणि विष तयार करतो. पुन्हा गरम केल्याने जिवाणू मरेल, पण त्याचे विष उकळण्याच्या तापमानालाही टिकते, आणि वास, रंग किंवा चव यांवरून ते ओळखता येत नाही. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत मळमळ, उलट्या आणि पोटात कळा सुरू होतात. बहुतेक जण दिवसभरात बरे होतात, तरी लहान मुले आणि वृद्ध यांच्या अंगातले पाणी कमी होण्याचा धोका असतो आणि त्यांच्या बाबतीत डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. दुसरे जिवाणू वेगळे वागतात: साल्मोनेला नीट शिजवल्याने मरतो, तर लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर स्त्रियांना तो विशेष घातक आहे. म्हणूनच जिवाणूचे नाव सूचनेत यायला हवे होते: त्याशिवाय घरी काय करायचे हे ग्राहकाला ठरवता येत नाही.

बेळगावच्या कुंद्याची आणखी एक अडचण अशी की, तो विकत घेतला जातो येथे आणि खाल्ला जातो कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईत. दुकानाने बिलावरच्या मोबाइल क्रमांकांवर फोन केले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण फोन येतो घेणाऱ्याला, आणि डबा एव्हाना दिवाळीच्या फराळाबरोबर नातेवाइकांच्या घरी पोहोचलेला असतो. आमच्याकडून एक डबा पुण्याला भाच्याकडे गेला होता. बॅच क्रमांक फोनवरून सांगताना दोनदा चुकला. डब्याचे छायाचित्र आणि क्रमांक असलेला साधा मराठी संदेश दुकानाने पाठवला असता, तर तो पुढे पाठवणे क्षणाचे काम होते.

वेळेच्या बाबतीत दुकानाला चांगले गुण देतो. बेल्जियममधील आर्लों येथील फेरेरो या चॉकलेट कंपनीच्या कारखान्यात डिसेंबर २०२१ मध्ये साल्मोनेला आढळला होता आणि किंडर चॉकलेटे परत मागवायला एप्रिल २०२२ उजाडला, तोवर अनेक देशांत मुले आजारी पडली होती. येथे अहवाल आला त्याच दिवशी विक्री थांबली.

पैसे परत देताना मात्र बिलाचा हट्ट धरला गेला. बॅच क्रमांक डब्यावरच असताना आणि डबा भेट म्हणून आलेला असताना बिल कोठून आणायचे? थोडी हुज्जत घातल्यावर पैसे मिळाले. ज्यांच्याकडे असा माल असेल त्यांनी डब्याचे, क्रमांकाचे आणि बिलाचे छायाचित्र काढून ठेवावे, डबा पिशवीत बांधून वेगळा ठेवावा आणि तो कामवाल्या बाईंना किंवा जनावरांना देऊ नये. कोणी आजारी पडले असेल तर उरलेला भाग टाकू नये, पुरावा म्हणून तो उपयोगी पडतो. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (FSSAI) चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे बंधनकारक आहे. तक्रार करताना तोच विचारला जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला स्वतः शुल्क भरून पदार्थ तपासून घेता येतो, मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो, आणि खडे बाजारातल्या गर्दीत असे सांगणारा ग्राहक मी तरी पाहिलेला नाही.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ अशी पाटी लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचे आहे. ती या दुकानात होती आणि तारीखही खरी वाटली. परत आलेले डबे मात्र पॅकिंगच्या टेबलाशेजारीच उघड्या क्रेटमध्ये रचलेले दिसले. ते वेगळ्या, कुलूपबंद जागी असायला हवेत, हे मालकांना सांगितले तेव्हा त्यांनी मान्य केले. दिवाळीनंतर गेलो तेव्हा क्रेट हलवलेले होते, कुंदा भरणाऱ्यांच्या हातांत मोजे होते, आणि नव्या डब्यावरचा बॅच क्रमांक अजूनही अंगठ्याने पुसला जाईल अशा शाईत छापलेला होता. डबा न घेता समोर परातीतून पाव किलो सुटा कुंदा तोलून घेतला.